वानगी दिल्यावर

“थांबा अक्का, कोट घालू द्या.”

कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसण्याआधी आप्पा हे वाक्य म्हणायचेच. मग हातातल्या कापडी पिशवीतून घडी घातलेला तपकिरी कोट निघायचा. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि वरून मुलीच्या लग्नात शिवलेला तो कोट. कर्नाटकातल्या आमच्या आळंदचा वैशाख, वर पत्रा, गरगर फिरूनही वारा न देणारा माझा पंखा, आणि हे गृहस्थ शांतपणे बटणं लावतायत. मला नुसतं बघून घाम फुटायचा.

“अहो आप्पा, तिकडून कुणी बघत नाहीये तुम्हाला,” मी म्हणायचे.

“बघंनात. पेढीवर बसताना टोपी घालतो न्हवं आपण? गिऱ्हाईक असू दे, नसू दे.”

मी तशी तोंडाळ बाई. बसस्टँडसमोर झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवायचं म्हणजे तोंड असावंच लागतं, नाहीतर लोक काउंटरवर चढून बसतात. पण आप्पांपुढे माझं फारसं चालायचं नाही. ते चिडतच नसत, मग भांडणार कुणाशी?

आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला आप्पा म्हणायचं आणि दुकानातल्या बाईला, ती लेकीच्या वयाची असली तरी, अक्का. त्यामुळे आम्हा दोघांनाही एकमेकांच्या नावाची कधी गरज पडली नाही. त्यांचं पूर्ण नाव त्या साइटवर मीच इंग्रजीत टाइप केलं होतं, तरी माझ्या लेखी ते आप्पाच राहिले.

आळंदच्या बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांची डाळमिल होती. मिल म्हणायचं, पण होती ती एक लांबट खोली आणि पुढे तूर वाळवायचं अंगण. वडिलांनी घातलेली गिरणी. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी आणि जावई बेंगळुरूला, दोघंही कंपनीत. गिरणीवर हमाल येईल तेव्हा हमाल, नाहीतर आप्पा आणि चिमण्या. आजूबाजूला मोठ्या गिरण्या झाल्या, त्यांची डाळ काचेसारखी चकाकते. आप्पांची डाळ पॉलिश नसलेली, दिसायला मळकट. बाजारातला माल तिकडे वळला, तशी इकडची गिरणी आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस फिरायला लागली.

मग एका वर्षी येळवशीला मुलगी-जावई आले. तुम्ही लातूर-बिदरकडचे असाल तर येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीपुढे पूजा करतं, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी नि आंबील खाऊन तिथेच आडवं होतं. तर त्या कोपीतच मुलीनं विषय काढला. आप्पांना मध्ये गिरणीच्या पायरीवर चक्कर आली होती, आणि हमाल येईपर्यंत ते तिथेच पडून होते. मुलगी म्हणाली, आप्पा, बास झालं, आता आमच्याकडे चला. आप्पा म्हणाले, गिरणी चालू हाय की. मुलगी रडली. शेवटी जावयानं तोड काढली. एक वर्ष बघायचं. बाहेरगावचं एक तरी पक्कं गिऱ्हाईक लागलं, गिरणी रोज फिरायला लागली, तर आप्पांनी आळंदलाच राहायचं, कामाला कायमचा माणूस ठेवायचा. नाही लागलं तर पुढच्या येळवशीला कुलूप लावून बेंगळुरू.

“आयतु,” आप्पा म्हणाले. कन्नडमध्ये आयतु म्हणजे झालं, ठरलं. आप्पांचं आयतु म्हणजे दगडावरची रेघ.

हे सगळं त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या काउंटरला टेकून सांगितलं. गिऱ्हाईक कुठं मिळतं हेही जावयानंच सांगितलं होतं. नोकरी-धंद्यावाल्या लोकांची एक साइट असते, तुम्हीही असाल कदाचित तिच्यावर. तिथे कुणी पोरांचे, सहलीचे फोटो टाकत नाही. जो तो कोट घालून, हाताची घडी घालून उभा. कोण मॅनेजर, कोण डायरेक्टर, कोण नुसताच ‘लीडर’. आमच्या बोलण्यात तिचं नाव कोटवाल्यांची साइट असंच पडलं. आप्पांनी दोन-चार फोटो बघितले आणि तडक घरी गेले. परत आले ते पिशवीत कोट घेऊन.

“काढा फोटू. जोडून घ्या मला.”

जोडून घेणं हे त्यांना एकदम पसंत पडलं होतं. तिथे एक बटण दाबलं की अनोळखी माणूस तुमच्याशी जोडला जातो. आप्पांना ते फार मोठं वाटलं. कुणी जोडून घेतलं की मला वाचायला लावायचे. हे कोण, कुठलं गाव, काय करतेत, घरी कोण कोण. आता घरी कोण कोण हे ती साइट सांगत नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं त्यांच्या गिरणीची जाहिरात लिहिली. तिथल्या लोकांची भाषा मला आता पाठ झाली होती. आम्हाला सांगण्यास अत्यंत उत्साह वाटतो की, वगैरे. आप्पांना मराठीत अर्थ सांगितला.

“अक्का, मला कुठं उत्साह वाटायलाय?”

“तिथे तसं लिहावं लागतं.”

“नक्को. मी सांगतो ते लिवा.”

आणि त्यांनी सांगितलेलं मी लिहिलं. वर मराठी, खाली इंग्रजी. ‘आज तूर वाळत घातली. ऊन चांगलं हाय.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज ढग आले. तूर आत घेतली.’ मी कपाळावर हात मारला. हजारो माणसं जिथे यशाच्या गप्पा मारतात, तिथे आमचे आप्पा तूर आत-बाहेर करतायत! पण खरं सांगते, लोक वाचायला लागले. भालकीचा एक इंजिनियर दुबईहून लिहायचा, आप्पा आज ऊन आहे का? उमरग्याची एक मुलगी पुण्याहून विचारायची, चिमण्या आल्या का? अंगठे यायचे, हृदयं यायची. गिऱ्हाईक सोडून सगळं यायचं.

आप्पा सगळ्यांना उत्तर द्यायला लावायचे. एकदा त्यांनी विचारलं, “ह्या पोराच्या फोटूला हिरवं कडं कामून हाय?”

“तो नोकरी शोधतोय आप्पा. नोकरी गेली की असं कडं लावतात.”

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “लिवा त्याला. म्हणावं, गावाकडं ये. चार दिवस ऱ्हा. जेवून जा.”

“अहो, तो गाझियाबादचा आहे!”

“मग काय झालं? तिकडचं लोक जेवत न्हाईत व्हय?”

त्यानंतर रोज आल्या आल्या हिरवी कडी आधी बघायची, असा नियमच झाला. माझं काम तुंबायचं, पीकविम्याची माणसं खोळंबायची, आणि मी गाझियाबादच्या पोराला जेवायचं आवतण टाइप करत बसलेली. चिडायचेसुद्धा. पण त्या पोरानं एकदा लिहिलं, बाबूजी, आजच्या दिवसात तुमच्याशिवाय कुणी बोललं नाही. मी ते वाचून दाखवलं. आप्पा पडद्याकडे वाकून म्हणाले, “त्याला म्हणावं, माझं बी तसंच.”

ते मी टाइप केलं. त्या दिवसापासून मी त्यांना घाई करायचं बंद केलं. लाइट गेली तरी आप्पा उठत नसत. काळ्या पडद्यासमोर कोट घालून बसून राहायचे. “येतीय की आता,” म्हणायचे. मी चहा सांगायचे. घरी जाऊन करायचं काय होतं त्यांना? स्वतःच वरण लावायचं, स्वतःच वाढून घ्यायचं. एकदा मला म्हणाले, “अक्का, वरण चांगलं झालंय असं म्हणायला बी समोर कुणी पाहिजे की.” हे बोलून त्यांनाच लाज वाटली आणि लगेच पावसाचा विषय काढला.

आता मुख्य गोष्ट. ती आमच्या बाजाराबाहेरच्या माणसाला कळायची नाही, म्हणून नीट सांगते.

आळंदच्या अडतीत माल विकायचा तर आधी वानगी द्यायची. वानगी म्हणजे मूठभर माल, कागदाच्या पुडीत बांधून. व्यापारी ती घेतो, घरी नेतो, शिजवून बघतो. आणि वानगी दिली की देणाऱ्यानं तोंड मिटायचं. कशी वाटली, घेता का, कधी घेता, एक शब्द विचारायचा नाही. विचारलं की समोरच्यानं समजायचं, ह्याचा माल पडून आहे. ज्याला पसंत पडली तो आपल्या पायानं येतो. नाही आला तर ते उत्तर समजायचं, आणि तरीही रस्त्यात भेटल्यावर हसून रामराम करायचा. आप्पांच्या वडिलांनी असाच धंदा केला, आप्पांनीही केला.

तर आप्पांनी त्या साइटवरच्या लोकांना वानग्या पाठवायचं ठरवलं. जोडून घेतलेल्या प्रत्येकाला माझ्याकडून एकच निरोप: पत्ता द्या, वानगी पाठवतो. काय काय झालं म्हणून सांगू! एका बाईंनी ‘कसली वानगी?’ विचारलं आणि उत्तराआधीच ब्लॉक केलं. एक यशाचे धडे देणारे गुरुजी होते, त्यांनी डाळ ठेवून घेतली आणि स्वतःच्या शिबिराची जाहिरात पाठवली. दुबईच्या इंजिनियरनं भालकीत आईचा पत्ता दिला. त्या आईचा फोन आला, डाळ गोड आहे, पण आमच्या घरचीच तूर आहे हो. आप्पा तिच्याशी अर्धा तास कन्नड-मराठीत बोलले आणि दिवसभर खुशीत होते.

आषाढात नाशिकच्या एका बाईंनी पत्ता दिला. त्यांचा वसतिगृहांना जेवण पुरवायचा मोठा कारभार होता. आप्पांनी त्या दिवशी पुडी स्वतःच्या हातानं बांधली. आधी डाळ सुपात घेऊन दारात बसले आणि खडा-टरफल बघत राहिले. वर्तमानपत्राचा कागद नको म्हणाले, माझ्याकडून कोरा कागद घेतला. कुरियरवाल्यानं आत काय आहे विचारलं तर म्हणाले, “वानगी हाय. जपून.”

आठवड्याभरात बाईंचं उत्तर आलं: ‘मिळाली. करून बघते.’

त्यानंतर काही नाही.

“नाशिकच्या बाईचं काही?” आप्पा कोटाचं शेवटचं बटण लावत रोज विचारायचे. काही नाही, मी म्हणायचे. “करत असतील,” ते म्हणायचे. श्रावण गेला, गौरी-गणपती झाले, दसरा झाला.

मला राहवेना. “आप्पा, नुसतं विचारू या ना. इथे सगळे विचारतात. न विचारणाऱ्याला इथे वेडा समजतात.”

“न्हाई अक्का. वानगी दिल्यावर मागं लागायचं न्हाई.”

“अहो, पण ती बाई सकाळी उठून तुमच्या अडतीत येणार आहे का? ती नाशिकला बसलीय! तिला काय माहीत तुमची रीत?”

“दाळीला माहीत हाय की. दाळ सांगंल.”

“डाळीला तोंड नसतं आप्पा!”

“मग आपल्याला असून काय उपेग?” आणि गालातल्या गालात हसले.

एकदा मी सरळ टाइपच केलं, ‘मॅडम, वानगी कशी वाटली?’ पाठवायच्या आधी त्यांना दाखवलं, कारण चोरून पाठवणं माझ्यानं झालं नसतं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. मग हात जोडले. मला, माझ्यासारख्या पोरीला! “पुसा अक्का. माझ्या वडलांचं नाव हाय गिरणीवर.” मी पुसलं. इतका राग आला होता की त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, आणि ते आपले जाताना म्हणतायत, “येतो अक्का, जोडत ऱ्हावा.”

येळवस आली. मुलगी-जावई आले. शेतात काय झालं ते मला आप्पांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. भज्जी खाऊन झाल्यावर मुलीनं विचारलंच नाही. बिचारी आंबिलीचं गाडगं धूत बसली. शेवटी आप्पाच म्हणाले, “गिऱ्हाईक न्हाई लागलं बाई. कुलूप लावू.” मुलगी पुन्हा रडली. तिला जिंकायचं नव्हतं हो. तिला फक्त बाप पायरीवर एकटा पडायला नको होता. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, म्हणून तर कुणावर चिडायचं तेच मला कळेना.

गिरणीतली यंत्रं उमरग्याच्या एका माणसानं नेली. अंगण झाडून काढलेलं मी जाता-येता बघितलं. पाखडायला काही नाही म्हटल्यावर चिमण्याही गेल्या होत्या.

निघायच्या सकाळी आप्पा दुकानात आले. पिशवीतून कोट काढला, पण घातला नाही. दाराच्या मागे छत्री अडकवायचा खिळा आहे, त्यावर लावला.

“हे इथंच ऱ्हाऊ द्या.”

“बेंगळुरूला थंडी असते आप्पा, घेऊन जा.”

“तिकडं कुठं पेढीवर बसायचंय?” ते म्हणाले. “आन् ते बंद करून टाका, फोटू-बिटू. लोकांना उगं वाटायचं, गिरणी चालू हाय.”

हो म्हटलं आणि बंद केलं नाही. दुबईचा इंजिनियर विचारत राहिला, आप्पा आज ऊन आहे का? त्या गाझियाबादच्या पोराच्या फोटोभोवतालचं हिरवं कडं एक दिवस गेलं. मी ते आप्पांना फोनवर सांगितलं. “जेवायला न्हाई आला,” ते म्हणाले. बेंगळुरूचं काय, विचारलं तर म्हणाले, सगळं बरं हाय, मुलगी जीव लावती, दिवसभर दोघं बाहेर, मी गॅलरीत बसतो. “कन्नडच बोलतेत अक्का, पर आपलं न्हाई. वॉचमन बिहारचा हाय. चांगला हाय.”

शिमग्यानंतर एका दुपारी मी सहज ती साइट उघडली, आणि वर नाशिकच्या बाई! मी उभ्यानंच वाचलं.

‘आप्पा, नमस्कार. बरेच दिवस तुमचं ऊन-ढग काही दिसलं नाही, म्हणून लिहिते. तुमची डाळ तेव्हाच आमच्या आचाऱ्यांना फार आवडली होती. लगेच शिजते आणि मुलं वरण मागून घेतात. आम्ही तुमच्या फोनची वाट बघत होतो. आमच्याकडे सगळे पुरवठादार स्वतःच पाठपुरावा करतात. तुम्ही काहीच विचारलं नाहीत, तेव्हा वाटलं, तुम्हाला आमच्यासारखं गिऱ्हाईक नको असेल. जूनपासून दर महिन्याला डाळ लागेल. अजून देऊ शकाल का?’

मी परत पहिल्यापासून वाचलं, या खेपेला मोठ्यानं. काउंटरवर एक म्हातारी आधारकार्ड घेऊन उभी होती, ती म्हणाली, काय झालं गं बाय? इतके महिने हे इकडे थांबलेले, ती तिकडे थांबलेली. एका ओळीचं काम होतं, एका ओळीचं! आणि ती ओळ मी लिहून, दाखवून, माझ्याच बोटानं पुसली होती. मी मोठ्यानं आप्पांना शिव्या घातल्या, त्यांच्या रीतीला घातल्या. म्हातारी घाबरून बाकावर जाऊन बसली.

सांगावं की सांगू नये? म्हातारीचं काम उरकलं, तोवर हाच विचार. सांगितलं तर माणूस खचेल. नाही सांगितलं तर त्यांना कायम वाटणार की डाळ बोलली नाही. मग फोन लावला.

सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

“आप्पा? आहात ना?”

“पोरं मागून घेतेत म्हणल्या?”

“हो. मागून घेतात.”

“परत वाचा अक्का. तेवढंच.”

मी तेवढंच परत वाचलं. पलीकडे आप्पांनी नाक ओढलं, का गाडी गेली, कळलं नाही.

“मग उत्तर द्यावं लागंल की,” ते म्हणाले. “बाई वाट बघत असतील. घ्या लिहून.” मी कीबोर्ड पुढे ओढला. त्यांनी घसा साफ केला. “माननीय बाईंना...” आणि थांबले.

“बोला आप्पा.”

“थांबा अक्का,” ते हळूच म्हणाले. “कोट न्हाई घातलेला मी.”

मी उठले. दारामागच्या खिळ्यावरून कोट काढला, धूळ झटकली, आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. खांदे सरळ केले, बटणं लावली. पीकविम्याचा कागद घेऊन एक माणूस त्याच खुर्चीत बसायला आला, त्याला म्हटलं, तिकडे बाकावर बसा.

“घातला आप्पा,” मी फोनवर सांगितलं. “आता सांगा.”

“लिवा,” आप्पा म्हणाले. “वानगी पसंत पडली, आनंद झाला. गिरणी आता न्हाई.”